पूर्वग्रह : निरंक

४ जून
आजपासून रोजनिशी. गाइड मॅडमचा हुकूम. त्यांचं म्हणणं असं, की मी चोवीस वर्षं वेल्डिंग शिकवतोय आणि संशोधनही वेल्डिंगच्या प्रशिक्षणावरच करतोय, म्हणजे खेळणारा मीच आणि पंचही मीच. माझे पूर्वग्रह संशोधनात शिरू शकतात. म्हणून रोज वहीत लिहून काढायचे. वही कोणी बघणार नाही, आपली आपल्यापुरती.

मी मान डोलावली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान बाई, जन्मात वेल्डिंगचा होल्डर हातात धरलेला नाही. पण सही त्यांची लागते.

दोन वह्या आणल्या. ही कच्ची. दुसरी पक्की, प्रबंधाला जोडायला. कच्चीत सगळं प्रामाणिकपणे लिहायचं आणि त्यातलं किती प्रामाणिक ठेवायचं ते पक्कीत ठरवायचं.

आजचे पूर्वग्रह : निरंक.

५ जून
ध्येय स्पष्ट असावं म्हणून लिहून ठेवतो. आमचे विभागप्रमुख, म्हणजे साहेब, ३० नोव्हेंबरला रिटायर होतात. त्या खुर्चीसाठी आता डिग्री लागते. नवा नियम. माझ्याकडे अनुभव आहे, डिग्रीसाठी तीन वर्षं नुसतं नाव नोंदवून बसलोय. वरच्या मजल्यावर सिम्युलेटरची, म्हणजे पडद्यावर खोटं वेल्डिंग शिकवायची लॅब चालवतो त्या 'स्क्रीन'कडे डिग्री आहे, अनुभव नाही. स्क्रीन माझाच विद्यार्थी. त्याची पहिली प्लेट मी सगळ्यांसमोर भंगारात फेकली होती. तेव्हापासून मला फार मान देतो.

नोव्हेंबरच्या आत प्रबंध मंजूर झाला, की खुर्ची माझी. विषय : वेल्डिंग शिकवताना प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाचा उपयोग. निष्कर्ष तयार आहे, प्रात्यक्षिकाला पर्याय नाही. आता फक्त माहिती गोळा करायची राहिली.

९ जून
मॅडम म्हणाल्या, पूर्वग्रह बाजूला ठेवून वर्कशॉपमध्ये जा. ठेवले. तीन चिठ्ठ्यांवर लिहिले. एक, माझी पद्धत उत्तम आहे. दोन, सिम्युलेटर म्हणजे व्हिडिओ गेम. तीन, स्क्रीनला वेल्डिंग येत नाही. चिठ्ठ्या लॉकरमध्ये टाकून कुलूप लावलं. मन एकदम हलकं झालं.

मग लक्षात आलं, की तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणजे ते पूर्वग्रह नव्हेतच. चिठ्ठ्या परत काढल्या.

दुपारी प्रात्यक्षिक. बॅच अठरा जणांची, माझ्यामागे अर्धवर्तुळात उभी. मी टेबलाशी गेलो, तोंडावर शील्ड घेतली, आणि दोन प्लेटा एका दमात जोडल्या. काय बीड आली! जोडाची रेघ रुळासारखी सरळ. वळून विचारलं, दिसलं का? सगळे एका सुरात म्हणाले, हो सर.

१८ जून
मुलाखती सुरू. मॅडमचं म्हणणं होतं, की त्या तिऱ्हाइताने घ्याव्यात. तिऱ्हाइताला वेल्डिंगमधलं काय कळतं? मीच घेतल्या. माझ्या केबिनमध्ये, दार लावून, म्हणजे मुलं मोकळेपणाने बोलतील. टेबलावर अंतर्गत गुणांचं रजिस्टर उघडं होतं. गुण अजून भरायचे आहेत.

पहिल्याला विचारलं, माझ्या प्रात्यक्षिकाचा खूप फायदा होतो ना? म्हणाला, खूप. दुसरा म्हणाला, खूप. तिसरा म्हणाला, खूपच. तिसऱ्याचं निरीक्षण सूक्ष्म आहे.

मॅडमनी दिलेल्या पुस्तकात लिहिलंय, की नवीन काही कळायचं थांबलं की मुलाखती थांबवाव्या. माझं तीन मुलाखतींत थांबलं. तसं फोनवर कळवलं. मॅडम म्हणाल्या, अठराच्या अठरा घ्या, आणि फोन ठेवला.

२ जुलै
सतरा झाल्या. सतराही जण खूप या शब्दावर ठाम. आज शेवटची, ताईची.

ताई वयाने अडतीस. दोन मुलांची आई. कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून आली, म्हणून सगळी बॅच ताई म्हणते. मागच्या वर्षी बेंड टेस्टला नापास झाली. या टेस्टमध्ये जोडलेली पट्टी मशीनमध्ये दाबून वाकवतात. जोड चांगला असला तर पट्टी वाकते, कच्चा असला तर तडकते. जाळ्या-फाटकं बनवणाऱ्या एका कारखान्याने तिच्यासाठी जागा अडवून ठेवली आहे, पण २० ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंतच. या खेपेला तडकली तर परत कापडाचं दुकान.

विचारलं, खूप फायदा होतो ना? ताई विचारात पडली. एवढ्या सोप्या प्रश्नावर! मग म्हणाली, रागावणार नसाल तर सांगते. मी म्हणालो, मी आता संशोधक आहे, संशोधक रागावत नाही. तर म्हणाली, सर, तुम्ही करून दाखवता तेव्हा आम्हाला तुमची पाठ दिसते. ठिणग्या उडतात, धूर येतो, आणि मग तुम्ही वळून विचारता, दिसलं का.

मी मुळीच रागावलो नाही. फक्त रेकॉर्डर बंद केला, रजिस्टर मिटलं आणि विचारलं, की बाकीचे सतरा जण काय आंधळे आहेत का. म्हणाली, नाही सर, त्यांना पण पाठच दिसते.

अठरांत एक. अपवाद. वगळावा.

१० जुलै
मुलाखती टाइप करायला हिला दिल्या होत्या. ही कोर्टात स्टेनोग्राफर आहे, वीस वर्षं झाली. घरातल्या घरात काम होईल आणि जरा कौतुकही होईल असा अंदाज होता. दोन्ही अंदाज कोर्टात टिकले नाहीत.

हिने आल्या आल्या हिशेब मांडला, की पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अठ्ठेचाळीस मिनिटांपैकी एकेचाळीस मिनिटं मीच बोलतोय. म्हणाली, मुलाखत कोण कोणाची घेतंय ते आधी सांगा, म्हणजे तसं टाइप करते. वर म्हणाली, आमच्याकडे साक्षीदाराच्या तोंडात असे शब्द घातले असते ना, तर समोरचा वकील बाकावर उभा राहिला असता.

बरं, टाइप तरी किती करावं? प्रत्येक 'अं' केलाय, प्रत्येक खोकला केलाय. आणि ताईची मुलाखत पूर्ण! मी रेकॉर्डर बंद केला असं मला वाटत होतं, बटण दुसरंच दाबलं होतं. कंसात लिहिलंय : (रजिस्टर आपटल्याचा आवाज). मी म्हणालो, आपटलं नव्हतं, मिटलं होतं, काढून टाक ते. ही म्हणाली, कोर्टात असं काही काढत नाहीत.

जेवताना 'आंधळे आहेत का' हे वाक्य हिने तीनदा वाचून दाखवलं, अगदी सपाट आवाजात. मग विचारलं, अहो, तुम्ही स्वतः कसे शिकलात? म्हणालो, आमचे सर करून दाखवायचे. ही म्हणाली, दिसायचं का? मी म्हणालो, मीठ दे.

१९ जुलै
मॅडमना सगळी पानं दिली. सतरा मुलाखती त्यांनी पत्ते पिसल्यासारख्या उलटल्या. ताईच्या पानावर थांबल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, सर, अख्ख्या गठ्ठ्यात कामाचं पान हे एकच आहे. आपलं म्हणणं जिथे खोटं ठरतंय तिथेच थांबून खणायचं असतं.

मी म्हणालो, खणतो.

त्यांनी उपाय सुचवला, की ताई उभी राहते त्या जागी कॅमेरा लावा, बघा काय येतं. उत्तम! कॅमेऱ्याला पूर्वग्रह नसतो. ताईचं तोंड कायमचं बंद.

२८ जुलै
काल शूटिंग केलं. आज एकट्याने बसून पाहिलं. बावन्न मिनिटं.

पाठ.

माझी पाठ भारदस्त आहे हे कबूल करायला हवं. पँटच्या मागच्या खिशातून कंगवा अर्धा बाहेर आलेला. ॲप्रनची नाडी तुटल्यावर तात्पुरती तार बांधली होती. कधी ते आठवत नाही. ती अजून आहे. मान हलते, कोपर हलतं, धूर. बेचाळिसाव्या मिनिटाला मी वळतो आणि म्हणतो, दिसलं का? सगळे म्हणतात, हो सर. लगेच कॅमेऱ्याजवळ कोणीतरी पुटपुटतं, की चला, सुट्टीत काकांना विचारू.

निष्कर्ष : कॅमेऱ्याची जागा चुकली.

पण कोण काका?

६ ऑगस्ट
जेवणाच्या सुट्टीत मी केबिनमध्ये दार लावून डबा खातो, चोवीस वर्षांचा नेम आहे. आज मोडला आणि वर्कशॉपमध्ये फिरलो. सगळी बॅच गायब. स्टोअरच्या आतून आवाज आला.

स्टोअरमध्ये काका असतात. स्टोअरकीपर. काम काय, तर रॉड द्यायचे, हातमोजे द्यायचे, सह्या घ्यायच्या. रिटायर व्हायला दोन वर्षं. माझ्याशी चोवीस वर्षांत 'सर, इथे सही' याच्यापलीकडे बोललेले नाहीत. आत रॅकच्या मागे एक छोटं टेबल आणि त्यावर एक जुनं मशीन. नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः कागदावर भंगारात काढलं होतं ते. काका मध्ये, त्यांच्या डावीकडे एक जण, उजवीकडे ताई. खांद्याला खांदा, तिघांच्याही तोंडावर शील्ड, तिघंही एकाच ठिणगीकडे वाकलेले. काकांचा हात ताईच्या हातावर. म्हणत होते, बघू नकोस नुसतं, ऐक. नीट चाललं की तेलात तळण पडल्यासारखा आवाज येतो. आला? हां, आता सोडू नको.

मी दारात उभा होतो. कोणाचं लक्ष गेलं नाही. बराच वेळ गेलं नाही.

नंतर काकांना एकटं गाठून विचारलं, हे कधीपासून चाललंय? ते म्हणाले, सर, तुम्ही लागायच्या आधीपासून. पोरं येतात बिचारी, तुमचं प्रात्यक्षिक झालं की विचारतात, सर काय करत होते? मग मी सांगतो, सर असं असं करत होते.

वाईट वाटलं. नेमकं का ते कळलं नाही. पक्क्या वहीत टाकायची गरज नाही.

१० ऑगस्ट
विचार केला, संशोधक म्हणून. स्टोअरकीपर ना शिक्षक, ना विद्यार्थी. नमुन्यात बसत नाही. पण निकालात लुडबुड करतो! माझ्या प्रात्यक्षिकाचा खरा परिणाम मोजायचा तर मधली ही लुडबुड थांबवायला हवी. पुस्तकातही आहे, बाहेरचे घटक नियंत्रणात ठेवा.

साहेबांना पत्र : भंगारात काढलेल्या मशीनचा अनधिकृत वापर. ते हलवावं. टाइप करायला हिला दिलं. हिने शब्दन् शब्द केलं, आणि कागद हातात देताना एवढंच विचारलं, की त्या ताईची परीक्षा कधी आहे म्हणालात? मी म्हणालो, यात व्यक्तिगत काही नाही.

पूर्वग्रह : निरंक.

१३ ऑगस्ट
मशीन मागच्या शेडमध्ये गेलं. काकांनी रजिस्टर पुढे केलं. मला म्हणाले, सर, इथे सही. केली.

२९ ऑगस्ट
प्रात्यक्षिकं वाढवली, आता आठवड्यातून चार. कंगवा ड्रॉवरमध्ये ठेवतो. ॲप्रनला नवी नाडी. बॅच गप्प गप्प असते. एकाग्रता म्हणायची.

१५ सप्टेंबर
सराव परीक्षा. अठरा पट्ट्या. मी स्वतः मशीनवर उभा राहिलो.

पहिली तडकली. दुसरी तडकली. पाचवी मशीनमध्ये घालतानाच सुटली. एकूण सोळा तडकल्या. ज्या दोघांच्या वाकल्या, त्यांच्या घरचं वेल्डिंगचं दुकान आहे.

ताईची जूनमधल्या सरावाची पट्टी माझ्या कपाटात आहे, नीट वाकलेली. आजची मधोमध उघडली, आत नुसती राख. तिने दोन्ही तुकडे उचलले, जुळवून बघितले आणि पिशवीत टाकले. मी म्हणालो, प्रयत्न चालू ठेवा. ती म्हणाली, कशावर ठेवू सर? 

१६ सप्टेंबर
संभाव्य कारणं :
रॉड दमट असावेत. (तपासले. कोरडे.)
प्लेटा हलक्या दर्जाच्या असाव्यात. (त्याच आहेत.)
करंट कमी-जास्त. (नाही.)
बॅचच ढ. (जूनमध्ये नव्हती.)
पाचवं कारण लिहीत नाही.

१७ सप्टेंबर
सकाळी सातला जाऊन शेडमधून मशीन बाहेर काढलं. एकट्याने. कंबर धरली. स्टोअरमध्ये होतं तिथे नेऊन ठेवलं. काका आठला आले, मशीन पाहिलं, मला पाहिलं. मी म्हणालो, मशीन पडून राहिलं की खराब होतं, अधूनमधून चालवावं. काका म्हणाले, होतं खरं सर. आणि केबल जोडायला लागले.

तेवढ्यात ताई आली. मी खोकलो. म्हणालो, सुट्टी एक तासाची असते, आजपासून दोन तासांची समजा. ती हसली. तिची दोन्ही मुलं तिच्याच चेहऱ्याची असणार असं उगीच वाटून गेलं.

साहेबांना पत्र मागे घेतल्याचं पत्र दिलं. हिने ते न मागता टाइप केलं.

२५ सप्टेंबर
मॅडमना सगळं सांगावं लागलं. टेबलावर डोकं ठेवतील असं वाटलं होतं. त्या ताडकन उठल्याच! म्हणाल्या, सर, काका असताना वाकत होत्या, काका नसताना तडकल्या, आता काका परत आणलेत. असा प्रयोग मुद्दाम ठरवून करायला परवानगी मिळाली नसती, माणसांशी असं वागणं बरोबर नाही. पण तुम्ही करून बसलाच आहात, तर निदान खरं लिहा.

खरं म्हणजे किती, असं विचारलं. म्हणाल्या, पत्रासकट. पाठीसकट.

विचारात पडलो. म्हणजे माझ्याच प्रबंधात माझ्याच हाताने लिहायचं, की चोवीस वर्षं माझ्या प्रात्यक्षिकाने कोणी काही शिकलं नाही. मग हिशेब केला. सही मॅडमची लागते. प्रबंध मंजूर झाला की खुर्ची. आणि प्रबंध वाचतो कोण? आजवर कोणी कोणाचा वाचलेला मी पाहिलेला नाही. कपाटात जातो. लिहून टाकू.

२० ऑक्टोबर
परीक्षा. बाहेरचे परीक्षक. ताईची पट्टी मशीनमध्ये गेली तेव्हा मी पाणी प्यायला निघालो होतो, पण परत फिरलो. मशीन दाबत गेलं. पट्टी वाकत गेली, पूर्ण वाकली. परीक्षकांनी बोट फिरवलं, भिंग लावलं, बरोबरची खूण केली.

ताई सरळ स्टोअरकडे पळाली. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, थँक्यू सर. कशाबद्दल ते विचारलं नाही.   

अठरांपैकी सतरा पास.

१२ नोव्हेंबर
प्रबंध मंजूर! परीक्षकांनी प्रांजळपणाचं खास कौतुक केलं. हिने पेढ्यासारखा गोड आवाज काढून अभिनंदन केलं. विचारलं, सगळं लिहिलंत? म्हणालो, सगळं. म्हणाली, बाई गं. आणि मग कितीतरी वर्षांनी पाठीवर हात ठेवला.

खुर्चीची मुलाखत २६ तारखेला. नवीन शर्ट आणला. केबिनला पडदा कुठला लावायचा तेही ठरवलं.

२६ नोव्हेंबर
समितीने प्रबंध वाचला.

तिघांनीही. पानांना खुणा लावून! हे काय वागणं झालं? मधल्या बाईंनी पान एकशे चौदा उघडलं आणि विचारलं, की तुमच्या संशोधनानुसार तुमच्या प्रात्यक्षिकाचा उपयोग काय? मी म्हणालो, संशोधनानुसार की माझ्यानुसार? त्या म्हणाल्या, प्रबंधावर नाव तुमचंच आहे ना? शेवटच्या सदस्यांनी विचारलं, संशोधक म्हणून तुम्ही या प्रबंधातल्या शिक्षकाला प्रमुख नेमाल का? संशोधकाने तटस्थ असावं. मी तटस्थपणे उत्तर दिलं.

घरी येऊन हिला सांगितलं, काय उत्तर दिलं ते. ही म्हणाली, कबुलीजबाब.

३० नोव्हेंबर
प्रमुख : स्क्रीन. माझ्या पाया पडायला आला होता. मी म्हणालो, असू दे, असू दे. सहा महिन्यांत माझा एक डिग्रीचा कागद वाढला आणि एक खुर्ची गेली. खुर्ची गेल्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू. शर्ट परत घेत नाहीत.

३ डिसेंबर
नव्या प्रमुखाचा पहिला हुकूम, माझ्या प्रबंधाच्या शिफारशींवरून. यापुढे प्रात्यक्षिक दोन-दोनच्या गटाने, खांद्याला खांदा लावून. काका करतील. स्टोअरची किल्ली आणि सह्यांचं रजिस्टर माझ्याकडे.

आज नवी बॅच आली. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून ताई काकांच्या मदतीला आली होती. ती आणि काका टेबलाशी वाकलेले, पुढे दोन पोरं, बाकीचे गोळा झालेले. मी रॉडचं पाकीट द्यायला गेलो तो तिथेच थांबलो. तळणाचा आवाज चालू होता. शील्ड घेतली, मान उंच केली. समोर ताईची पाठ. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. शेवटी राहवलं नाही. म्हणालो, ताई, जरा बाजूला सरकता का? काही दिसत नाही.

काका हसले. ताई हसली आणि लगेच सरकली. नव्या पोरांना कळेना हे दोघं का हसतायत.

मला कळलं. पक्क्या वहीत लिहिणार नाही.